गुहेतील सूर्यनारायण

आज माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमी. संक्रांतीपासून घरोघर चाललेली हळदीकुंकवे आज पूर्ण होतील. पाटावर रक्तचंदनाने सूर्यनारायणाचा सात घोड्यांचा रथ रेखला जाईल, गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यातले दूध उतू घातले जाईल, आणि ते कोणत्या दिशेला उतू जाते याकडे लहानथोर सारे डोळे लावून बसतील. अशा या पुण्यदिनी सूर्योपासनेविषयी आणि तिच्याशी जडलेल्या यात्रांविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवावेत, असे आम्हांस वाटते.

गुहेतील शंकर आणि प्राचीन सूर्यमंदिर म्हटले की आपले लक्ष एकदम काश्मीरकडे जाते. तिकडे हिमलिंगाचा अमरनाथ आहे आणि अनंतनागजवळ ललितादित्य राजाने आठव्या शतकात उभारलेले मार्तंडाचे भव्य मंदिर आहे, आज भग्नावस्थेत असलेले. परंतु गिरगावकरांना ही जोडी पाहावयास इतके लांब जावयास नको. येथील वाड्यांतील कितीतरी घरांची मुळे रत्नागिरी जिल्ह्यात आहेत, आणि त्या एकाच जिल्ह्यात ही दोन्ही दैवते नांदत आहेत. संगमेश्वर तालुक्यातील मारळचा मार्लेश्वर हे एक, आणि राजापूर तालुक्यातील कशेळीचा कनकादित्य हे दुसरे.

मार्लेश्वर सह्याद्रीच्या कुशीत आहे. सुमारे पाचशे पायऱ्या चढून गेले की कातळातील गुहा लागते. जवळच धारेश्वराचा धबधबा कोसळतो. गुहेत विजेचा झगमगाट नाही. समईच्या उजेडात वाकून आत जावयाचे आणि देवाचे दर्शन घ्यावयाचे. तेथे सर्पांचा वावर असतो, आणि भाविक त्यांना देवाचे सोबती समजून वागतात. मकरसंक्रांतीस या देवाचे लग्न लागते. आंगवलीहून नवरदेवाची पालखी निघते, साखरप्याहून गिरिजादेवी वधू होऊन येते, आणि मुरशीचा व्याडेश्वर यजमानपण सांभाळतो. हा कल्याणविधी लिंगायत पद्धतीने होतो आणि तीनशे साठ मानकऱ्यांना त्याचे आमंत्रण असते. त्यांपैकी कोणालाही वगळून देवाचे लग्न लागत नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कशेळीची कथा याहून निराळी. आख्यायिका अशी की, परचक्राच्या भयाने सौराष्ट्रातील सूर्यमूर्ती गलबतात घालून दक्षिणेकडे नेण्यात येत होत्या. कशेळीच्या समुद्रात गलबत अडले, काही केल्या हलेना. तेव्हा त्यांतील एक मूर्ती किनाऱ्यावरील कड्याच्या गुहेत उतरवून ठेवली आणि गलबत पुढे गेले. त्या जागेला आजही देवघळी म्हणतात. पुढे गावातील कनका नावाच्या गणिकेस सूर्यनारायणाने स्वप्नात दृष्टांत दिला. तिने ग्रामस्थांच्या साह्याने मूर्ती वर आणविली, तिची प्रतिष्ठापना केली आणि देवाला तिचेच नाव लागले, कनकादित्य. रथसप्तमीला येथे मोठा उत्सव असतो. कालिकावाडीहून कालिकादेवी वाजतगाजत येते आणि उत्सव संपेपर्यंत देवाकडे राहते. या गावाची प्राचीनता केवळ आख्यायिकेवर उभी नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३, म्हणजे इ. स. ११९१ चा ताम्रपट कशेळीच्या नावाने प्रसिद्ध आहे. रोज बारा ब्राह्मणांना भोजन मिळावे म्हणून राजाने कशेळी गाव दान दिल्याचा तो लेख होय. राजाच्या दानाला फळ आले ते रोज शिजणाऱ्या अन्नाच्या रूपाने, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

या कथेत एक मर्म आहे. सकळ जगाला उजेड देणारा देव काही काळ अंधाऱ्या घळीत पडून होता. आणि त्याला बाहेर काढण्याचे भाग्य लाभले ते पंडिताला नव्हे, सावकाराला नव्हे, तर समाजाने ज्या स्त्रीला उंबऱ्याबाहेर ठेवले होते तिला. वेदविद्येच्या अभ्यासकांना येथे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील बहात्तराव्या सूक्ताची आठवण होईल. अदितीला आठ पुत्र झाले. सातांना घेऊन ती देवांकडे गेली आणि आठवा मार्तंड तिने दूर टाकला. पुढे तिनेच त्याला परत आणले. तोच हा आपला सूर्य. आपल्या जेजुरीच्या खंडेरायालाही आपण मार्तंडभैरव म्हणतो. टाकलेल्याला परत आणणे, मागे राहिलेल्याला हात धरून पुढे घेणे, हा सूर्योपासनेचा गाभाच आहे, असे आम्ही कीर्तनातून नेहमी सांगत आलो.

सांगत आलो खरे. पण तसे वागलो का? गिरगावातील एका वाडीत गेली अनेक वर्षे आम्ही रथसप्तमीचे कीर्तन करतो. मागील खेपेस कनकादित्याचेच आख्यान लावले होते. आरती झाली, बुक्का लावून झाला, आणि ऐंशीच्या घरातील एक आजी काठी टेकीत पुढे आल्या. माहेर कशेळीच्या पंचक्रोशीतले. त्या म्हणाल्या, "बुवा, गुडघे गेले. मुलगा-सून दरवर्षी गाडी करून जातात, आल्यावर फोटो दाखवतात. चाळ पाडली, नव्या इमारतीत जागा चांगली मिळाली. पण माझ्या खिडकीत ऊन येत नाही. तिकडचा देव तिकडे राहिला, इकडचा दिसत नाही. आता अर्घ्य मी कुणाकडे बघून देऊ?"

आम्ही उत्तर दिले, "आजी, मनाने स्मरण केलेत तरी देवाला पोचते." उत्तर शास्त्राला धरून होते. त्यांनी नमस्कार केला आणि त्या निघून गेल्या. पण त्यांचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते. चालत्या पायांच्या माणसाने थकल्या पायांच्या माणसाला मानसपूजा सांगावी, यात उपदेश सोपा असतो. त्या रात्री आम्हांस ते तीनशे साठ मानकरी आठवले. देवाच्या लग्नात एकाही मानकऱ्याला विसरत नाहीत, आणि आपल्या घरच्या यात्रेत मात्र पहिला मान ज्यांचा, त्यांनाच आपण घरी ठेवून जातो!

यावर कोणी म्हणेल की, म्हाताऱ्या माणसांना डोंगर चढवावयाचे काय? मुळीच नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमरनाथाच्या वाटेवर हिमवादळात दोनशेहून अधिक यात्रेकरू प्राणांस मुकले, हे विसरून चालणार नाही. शरीराची शक्ती ओलांडून केलेले साहस म्हणजे भक्ती नव्हे. परंतु कोकणातील वाट आता सोपी झाली आहे. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसून, उलट्या सोशीत कोकणात उतरण्याचे दिवस गेले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हापासून रात्री मुंबईत गाडीत बसलेला माणूस सकाळी रत्नागिरीस उतरतो. उत्सवाची गर्दी टाळून एखाद्या साध्या दिवशी आईला कशेळीस नेणे अशक्य आहे काय? मार्लेश्वराच्या पायऱ्या झेपत नसतील तर तिला पायथ्याशी बसवावे, एकाने तिच्याजवळ थांबावे, वरून तीर्थ आणून तिच्या हातावर घालावे. जो खाली थांबला त्याचे दर्शन चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. आणि जे वर जातील त्यांनी समईच्या उजेडाचा मान राखावा, गुहेत आरडाओरडा करू नये, सर्पांना डिवचू नये, आणि आपण नेलेला कागद-पिशवी तेथे टाकून येऊ नये.

दुसरी गोष्ट येथल्या उन्हाची. गिरगावातील जुन्या चाळी पडत आहेत, उंच इमारती उठत आहेत. गळक्या छपराखाली दोन पिढ्या काढलेल्यांना पक्के घर मिळते याचा आम्हांस आनंदच आहे. पण जुन्या चाळीला चौक होता. त्या चौकात सकाळचे ऊन उतरे, तुळस होती, रथसप्तमीस दहा घरची बोळकी एका ओळीत मांडली जात. नव्या नकाशात मोटारींची जागा आधी काढतात, चौकाची आठवण कोणाला राहत नाही. आमची वाडीकरांना हात जोडून विनंती आहे की, नकाशावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: सकाळचे ऊन कोठे पडेल, आणि तेथे चार म्हाताऱ्या माणसांना बसता येईल का? गच्ची असेल तर तिची किल्ली रखवालदाराच्या खिशात न राहता निदान सणाच्या दिवशी आजींच्या हाती यावी.

हे सारे उद्यावर टाकावयास नको. आज दूध उतू घालताना शेजारच्या घरातील जे कोणी खाटेला खिळले असेल, त्याला हात देऊन ऊन जेथे असेल तेथे आणून बसवा. ते शक्य नसेल तर उतू गेलेल्या दुधाचा प्रसाद त्याच्या खाटेशी न्या. त्या वाडीत यंदाही आमचे कीर्तन आहे. तत्पूर्वी सकाळीच येऊन त्या आजींना गच्चीवर नेण्याचे त्यांच्या नातवाशी आमचे ठरले आहे. अर्घ्याचा तांब्या त्या धरतील. आम्ही मागे उभे राहून मंत्र म्हणू.

सूर्यनारायण सर्वांच्या दारी येवो.