पाऊस, धिरडं आणि माक्गोली

सोलमध्ये पाऊस लागला की ऑफिस सुटल्यावर मंडळींना काय आठवतं? कांदाभजी नाही, पण फंडा तोच! गरमागरम तळलेलं धिरडं आणि सोबत माक्गोली. ही तांदळाची दुधाळ दारू, बिअरपेक्षा किंचित कडक. तळाशी गाळ बसतो, म्हणून बाटली आधी हलवायची आणि वाडग्यातून प्यायची.

धिरड्यासाठी गाठायचं ते १९०५ सालचं ग्वांगजांग मार्केट. भिजवलेली मुगाची डाळ दगडी जात्यात वाटतात, त्यात मुगाचे लांब मोड घालून भरपूर तेलात जाडजूड तळतात. नाव बिंदेत्तोक. कडा कुरकुरीत, आत लुसलुशीत. एकदम सही!

व्हेजवाल्यांनो, थांबा. त्यात बऱ्याचदा पोर्क असतं. लालभडक तोकबोक्की दिसते निव्वळ तांदळाची, पण रस्सा बहुधा सुक्या मासळीचा आणि वर फिशकेक. किमची कोबीचीच ना? हो, पण फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी घातलेली. नुसतं ‘मटण-चिकन नको’ म्हणून भागत नाही, रस्सा आणि सॉसही विचारा.

होत्तोक मात्र बिनधास्त मागवा. आत ब्राऊन शुगर, दालचिनी, दाणे. पुरणपोळीची लांबची मावसबहीणच म्हणा ना! फक्त पहिला घास फुंकर मारून, आतला पाक जीभ चांगलीच भाजतो.