बर्फाच्या मागे की बर्फाजवळ?

थंडी सुरू झाली की मंडळाच्या ग्रुपवर एक नकाशा फिरायला लागतो. यंदाचा नकाशा असा : इंदूरहून रेल्वेनं चंडीगड, तिथून भाड्याची गाडी, आधी नारकंडा, मग मनाली आणि सोलंग, बोगद्यातून पलीकडे सिस्सू, आणि तिथंही बर्फ नीट नसला तर सरळ गुलमर्ग! एकूण आठ दिवस, तेही नाताळच्या सुट्टीत. उद्देश काय, तर चांगला बर्फ सापडेल तिथं स्की करायचं. नकाशाखाली पन्नासेक अंगठे वर. माझा अंगठा त्यात नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगते.

ही कल्पना आली कुठून ते आपल्याला माहीत आहे. गाडीच्या टपावर स्की बांधायच्या, हवामानाचा अंदाज बघायचा आणि वादळ जिथं बर्फ टाकून गेलं तिकडे गाडी वळवायची. अमेरिकेत, कॅनडात, आल्प्समध्ये लोक हे करतात आणि त्यांना ते जमतं. सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावरून आल्टा किंवा स्नोबर्डला पोचायला तासभरही पुरतो. रस्त्यावरचा बर्फ काढणारी यंत्रं पहाटेपासून कामाला लागलेली असतात. तिथलाही घाटरस्ता हिमस्खलनाच्या भीतीनं बंद होतो, पण बहुतेक वेळा काही तासांतच उघडतो. शिवाय एका डोंगररांगेला वादळ चुकलं तर दुसरीला गाठतं. म्हणजे गाडी फिरवण्यात अर्थ असतो.

आपल्या हिमालयाचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. टीव्हीवरच्या हिंदी बातम्यांत ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात ते हेच. भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत ते येतात आणि काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड यांना एक-दोन दिवसांच्या अंतरानं भिजवून पुढे जातात. कुठं कमी, कुठं जास्त, एवढाच फरक. आला तर सगळ्यांकडे येतो, रुसला तर सगळ्यांवर रुसतो. जानेवारी 2024 आठवा. गुलमर्गच्या उघड्या, तपकिरी कुरणाचे फोटो सगळ्यांनी पाहिले होते. त्याच दिवसांत हिमाचल आणि उत्तराखंडही कोरडेच होते. त्या महिन्यात कुणी मनालीहून गुलमर्गला गाडी हाणली असती, तर सहाशेहून अधिक किलोमीटरचं पेट्रोल जाळून तेच तपकिरी गवत बघितलं असतं. महिनाअखेरीस बर्फ आला, तोही सगळीकडे.

म्हणून हिमालयात आडवं धावण्यापेक्षा उभं चढणं शहाणपणाचं. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. गुलमर्गचं कुरण 2,650 मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर चार हजार मीटरच्या जवळ नेऊन सोडतो. म्हणजे एकाच तिकीटखिडकीपाशी आठ-नऊ अंशांचा फरक. खाली चिखल असताना वर कोरडा, भुसभुशीत बर्फ असू शकतो. नारकंडा साधारण 2,700 मीटरवर, सोलंग अडीच हजारांच्या आसपास. एकाहून दुसऱ्याकडे दिवसभर गाडी हाकून उंचीत मिळवलं काय? उताराचं तोंड कुठं आहे तेही बघावं लागतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन कमी, तिथं बर्फ मऊ राहतो. दक्षिण उतारावरचा दुपारी वितळतो आणि रात्री त्याचं कडक कवच होतं. गुलमर्ग 34 अंश अक्षांशावर आहे, आल्प्स 46च्या आसपास. आपल्याकडचं ऊन जास्त तिखट, त्यामुळे कालचा चांगला बर्फ आज संध्याकाळपर्यंत चांगला राहीलच असं नाही. हे सगळं गाडीच्या काचेतून कळत नाही. एकाच डोंगरावर चार दिवस काढले की आपोआप कळायला लागतं.

(इथं आपली मराठीही थोडी अपुरी पडते बरं का. गोळेवाल्याच्या रंद्यावरचा तोही बर्फ, फ्रीजरच्या भिंतीला चिकटतो तोही बर्फ आणि अफरवटवरचा तोही बर्फ. ‘हिम’ आहे, पण तो हिमालयात आणि कवितेत राहतो, बोलण्यात येत नाही. काश्मिरीत आकाशातून पडणाऱ्या बर्फाला ‘शीन’ असा शब्द आहे. ज्यांच्या दारात पडतो त्यांनाच वेगळ्या शब्दाची गरज पडते.)

आता रस्त्याचं. जो बर्फ आपल्याला हवा असतो, तोच रस्ता बंद करतो. अटल बोगदा ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झाला आणि रोहतांगच्या पोटातून नऊ किलोमीटर गेलं की लाहौल, इतकं सोपं झालं. पण बोगद्याच्या आत बर्फ पडत नसला तरी त्याच्या तोंडापर्यंतच्या रस्त्यावर पडतोच. डिसेंबर 2024 मध्ये नाताळाच्या तोंडावर सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या, पोलिसांनी रात्री उभं राहून लोकांना खाली आणलं. ते बहुतेक आपल्यासारखेच, सुट्टी काढून बर्फ शोधायला आलेले. निसरड्या चढावर चाकांना साखळ्या बांधायची आपल्यापैकी कुणाला सवय आहे? जम्मू-श्रीनगर रस्ता तर रामबनजवळ दरड आली की दोन-दोन दिवस बंद राहतो. काश्मीरलाच जायचं असेल तर जून 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे आहे. पण रेल्वेनं जायचं म्हटलं की ‘रोड ट्रिप’चा थाट जातो, आणि खरी अडचण तीच आहे असा मला संशय आहे.

या सगळ्यापेक्षा मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. बर्फ नसला तर आपण गाडी वळवू शकतो. सोलंगचा स्की शिकवणारा, स्लेज ओढणारा, गुलमर्गचा घोडेवाला, मनालीच्या रस्त्यावर कोट-बूट भाड्यानं देणारी बाई, यांना गाडी वळवता येत नाही. बर्फ उशिरा आला की आपलं बुकिंग रद्द होतं, त्यांचा हंगाम जातो. फेब्रुवारी 2023 मध्ये औलीची आंतरराष्ट्रीय शर्यत बर्फाअभावी रद्द झाली. त्याच्या महिनाभर आधी औलीच्या पायथ्याचं जोशीमठ खचत होतं, घरांना तडे जात होते. 2025 मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. अशा वेळी आठ दिवसांत चार ठिकाणं ‘तपासून’ जाणारा पाहुणा त्यांच्या काय उपयोगाचा? प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं स्की पायात घालायच्या, शिकवणाऱ्यानं दोन्ही हात धरून ओढायचं, एक फोटो, पुढे चला. याला मी स्की करणं म्हणत नाही.

आपल्या देशातून जे कुणी या खेळात पुढे गेले, ते बर्फाच्या मागे नव्हे, बर्फाजवळ वाढले. आरिफ खान 2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता आणि जायंट स्लालममध्ये 45वा आला. तो गुलमर्गखालच्या टंगमर्ग भागातला. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. 2018 मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवून आंतरराष्ट्रीय स्कीइंगमध्ये देशाचं खातं उघडणारी आंचल ठाकूर मनालीजवळची. इंदुरात राहून आपण आरिफ किंवा आंचल होणार नाही, हे मान्य. पण दोन आठवडे एका जागी राहता येतं की नाही?

तशी सोय आहे. मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि गुलमर्गची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था, दोन्ही सरकारी, साधारण दोन आठवड्यांचे प्राथमिक कोर्स घेतात. माझ्या मावसभावानं असा कोर्स केला. पहिले तीन दिवस त्याला फक्त पडायचं कसं, उठायचं कसं आणि आडव्या पावलांनी चढ कसा चढायचा एवढंच शिकवलं. मग स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब ठेवून थांबायला. सातव्या दिवशी बर्फ पडला, आणि आठव्या दिवशी काल घट्ट लागणारा उतार अचानक मऊ का लागतो हे त्याला पायांतून कळलं. चांगला बर्फ म्हणजे काय, हे त्याला आता सांगता येतं. चार गावं फिरून आलेल्या आमच्या दुसऱ्या भावाला फक्त हॉटेलं सांगता येतात.

‘दोन आठवडे बसलो आणि बर्फ पडलाच नाही तर?’ असं ग्रुपवर कुणीतरी विचारणारच. हिवाळ्यात महिन्याला सरासरी चार-सहा पश्चिमी झंझावात येतात. सगळे दमदार नसतात, पण दोन आठवड्यांत एखादा तरी लागण्याची शक्यता आठ दिवसांपेक्षा नक्की जास्त. तरीही एखाद्या वर्षी फसगत होईल, 2024च्या जानेवारीसारखी. मात्र एवढं नक्की, की नाताळची सुट्टी ही वेळच चुकीची. काश्मिरात चिल्ले कलान, म्हणजे कडाक्याचे चाळीस दिवस, 21 डिसेंबरला नुसते सुरू होतात. जमिनीवर थर साचायला जानेवारी जातो. भरवशाचे दिवस जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे.

आणि त्या दिवसांत कॉलेज असतं, इथं घोडं अडतं. एनसीसीच्या शिबिराला गेलेल्यांना हजेरीत सूट मिळते. सरकारी संस्थेच्या कोर्सला, प्रमाणपत्रासह, तीच सूट का मिळू नये? मंडळानं नकाशे फिरवण्याऐवजी हा अर्ज प्राचार्यांकडे न्यावा, असं माझं म्हणणं आहे. मसुदा मी लिहून ठेवला आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी आधी डॉक्टरांकडून तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा, तो कोर्सच्या फॉर्मला लागतो, आणि येत्या शनिवारच्या बैठकीत सहीसाठी पेन घेऊन यावं.