ऱ्हिदम हाऊस आणि आमचे नक्राश्रू

परवा ऑफिसात जेवताना विषय निघाला. टीममधला एकजण म्हणाला, "ऱ्हिदम हाऊस बंद पडलं, कारण ते काळाबरोबर बदलले नाहीत. सिंपल!" आम्हा आयटीवाल्यांना कशाचंही पोस्टमॉर्टेम एका वाक्यात उरकायची खोड असते. मीही मान डोलावली आणि डब्यातली भेंडी संपवली. पण घरी येताना लोकलमध्ये ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून या विकेंडला हे लिहायला बसलोय.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईत काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर, १९४८ पासून हे दुकान होतं. अनेक वर्षं ते कर्मली कुटुंबाने चालवलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बंद झालं. (पुढे २०१७ मध्ये ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि २०१८ च्या बँक घोटाळ्यानंतर ती ईडीच्या कचाट्यात सापडली. तो वेगळाच सिनेमा. असो.)

आता "बदलले नाहीत" याचं बघू. दुकान उघडलं तेव्हा ७८ आरपीएमच्या तबकड्यांचा जमाना होता, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. एलपी अमेरिकेत बाजारात आली ती त्याच १९४८ साली. त्यानंतर कॅसेट, मग सीडी, मग व्हीसीडी-डीव्हीडी. दर वेळी जुना माल कवडीमोल, नवीन मालात पैसे गुंतवा, कपाटंसुद्धा नव्या मापाची करा. आमच्या कंपनीत एक डेटाबेस बदलायचा तर दोन वर्षं मीटिंगा चालतात! या माणसांनी अख्खा धंदा तीन-चारदा मायग्रेट केला, तोही दुकान चालू ठेवून. हे बदलणं नाही तर काय?

फरक इतकाच, की प्रत्येक बदलात विकायला काहीतरी 'वस्तू' होती, आणि वस्तूला फळी लागते. स्ट्रीमिंगने ती वस्तूच काढून घेतली. आता दुकानदाराने नेमकं कशाशी जुळवून घ्यायचं होतं?

जरा गल्ल्यावर बसून विचार करा. समजा तुमच्याकडे दहा हजार शीर्षकं आहेत. त्यातली शंभरेक नव्या सिनेमांची, ती धडाधड खपतात. बाकीच्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची एखादी सीडी असते, जी वर्षातून एकदा विकली जाते. पण ती ठेवावीच लागते, कारण तिच्यासाठी आलेला माणूस "इथे मिळतंच" या भरवशावर आलेला असतो. त्या फळीचं भाडं, त्या मालात अडकलेला पैसा, तो माल कुठे आहे हे तोंडपाठ असलेल्या नोकराचा पगार, हे सगळं नव्या सिनेमांच्या विक्रीतून निघतं. म्हणजे हिट गाणी खाँसाहेबांना पोसत असतात.

आणि चोरी पहिली कशाची झाली? हिट गाण्यांचीच! फूटपाथवरच्या एमपीथ्री सीड्या आठवा, एकीत दीडशे गाणी. नंतर डाउनलोड, पेन ड्राइव्ह. मोठी झाडं तोडल्यावर खालची वेल किती दिवस टिकणार?

आणि ती झाडं तोडणाऱ्यांत मी होतो. :-)

माझे बाबा डोंबिवलीहून पगाराच्या शनिवारी व्हीटीला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत जायचे. लहानपणी दोन-चारदा मलाही नेलं. तिथे ऐकायची सोय होती. बाबा हेडफोन लावून डोळे मिटून उभे, आणि मी त्यांची बाही ओढतोय, एवढंच आठवतं. काउंटरवरचे एक काका बाबांना विचारायचे, "मागच्या महिन्यात अमीर खाँसाहेबांचा मारवा नेलात ना? मग आता हे ऐका." आज मी पगार घेऊन नेमका हाच उद्योग करतो, 'तुम्हाला हेही आवडेल' सांगणारा कोड लिहितो. माझा कोड तुम्ही काय वाजवलंत ते बघतो. ते काका "कसं वाटलं?" असं विचारायचे, आणि "नाही आवडलं" हे उत्तर ऐकून घ्यायचे.

दुकान बंद होणार म्हटल्यावर मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मित्रांबरोबर शेवटच्या सेलला गेलो. ही गर्दी! सगळे हळहळतायत, फोटो काढतायत. मी दोन सीड्या घेतल्या, ज्या वाजवायला माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नव्हता. घरी येऊन बाबांना म्हटलं, "बाबा, वाईट वाटतंय हो." बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "याआधी तू तिथून कधी काय घेतलं होतंस?"

उत्तर होतं शून्य. हार्ड डिस्कवर तेव्हा चाळीस जीबी गाणी होती.

आता दुसरं उदाहरण. वेल्समध्ये कार्डिफला 'स्पिलर्स रेकॉर्ड्स' आहे, १८९४ सालचं, जगातलं सगळ्यात जुनं रेकॉर्डचं दुकान म्हणून ओळखलं जाणारं. भाडं परवडेना तेव्हा लोकांनी सह्यांची मोहीम काढली. तरीही २०१० मध्ये त्यांना जुनी जागा सोडून मॉर्गन आर्केडमध्ये जावं लागलंच. वडिलांनंतर मुलींनी दुकान हाती घेतलं. सह्यांनी जागा वाचली नाही. दुकान टिकलं, कारण नव्या जागेतही लोक येऊन पैसे मोजून रेकॉर्ड घेत राहिले. २०२२ मध्ये अमेरिकेत सीडीपेक्षा एलपी जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. म्हणजे वस्तू हवी असणारे लोक आहेत. फक्त ते पुरेसे आणि वेळेवर हवेत.

आणि एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो. आपण तीस टक्के वाढीसाठी कंपनी बदलतो, त्याला 'करिअर' म्हणतो. मग एखाद्या कुटुंबाने मात्र आपल्या आठवणी जपायला पिढ्यान्‌पिढ्या तोट्यात दुकान का चालवावं? त्यांनी शटर ओढलं यात गुन्हा काहीच नाही. उलट इतकी वर्षं चालवलं, याबद्दल आपणच त्यांचं देणं लागतो.

बाबांच्या आवडीचं एक छोटं पुस्तकांचं दुकान आमच्या स्टेशनजवळ अजून तग धरून आहे. हल्ली महिन्यातून एकदा तिथून छापील किमतीला एक पुस्तक घेतो. ऑनलाइन साठ-सत्तर रुपये स्वस्त मिळतं, माहितेय. ते साठ रुपये मी माझ्या चाळीस जीबीच्या थकबाकीत जमा धरतो.

तुमच्याही भागात असं एखादं दुकान असेलच. उद्या रविवार आहे. जाऊन काहीतरी विकत घ्या. फोटो नंतर काढा.