फोन साहेबांचा, पण नोंद कुणाची?

२८ जुलै २०२५ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी शासन निर्णय काढला. कर्मचाऱ्यांनी सरकारी धोरणांवर टीका करू नये, या कलमावर बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच निर्णयातली दुसरी एक बाब फारशी कुणी उचलली नाही. कार्यालयीन कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सअॅप, टेलिग्राम यांसारखी संदेशवहनाची साधने वापरता येतील, असे त्यात म्हटले आहे. गेली दहा-बारा वर्षे जे सर्रास चालू आहे, त्याला आता कागदावर मान्यता मिळाली. मग पहिला प्रश्न असा की अधिकाऱ्याच्या खाजगी फोनवर किंवा त्याच्या स्वतःच्या जीमेलवर सरकारी काम झाले, तर त्या कामाची नोंद कुणाच्या मालकीची? आणि ती आपण मागितली तर मिळणार का?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या मध्य रेल्वेवर लागून असलेल्या तीन शहरांत राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. उल्हासनगरचा इतिहासच कागदांच्या भांडणाचा आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचे १९४९ मध्ये शहर झाले आणि जमिनीची मालकी, सनद, बांधकाम परवानगी यांचे घोळ तेव्हापासून मागे लागले. ८५५ बेकायदा इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजले. शेवटी २००६ मध्ये फक्त उल्हासनगरसाठी अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा वेगळा कायदा विधिमंडळाला करावा लागला. कुणी कधी परवानगी दिली, कुणी नोटीस थांबवली, कुणी डोळेझाक केली, हे ज्या शहरात वर्षानुवर्षे शोधावे लागते, तिथे नोंदीची किंमत वेगळी सांगायला नको.

त्यात आणखी एक भर पडली. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपालिकांची मुदत २०२० मध्ये संपली आणि नवी निवडणूक झाली डिसेंबर २०२५ मध्ये. उल्हासनगर महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधली सगळी वर्षे प्रशासकाची. सभागृह असते तेव्हा निदान भांडण तरी होते, आणि त्या भांडणाचे इतिवृत्त राहते. नगरसेवक ओरडतो, दुसरा त्याला उत्तर देतो, ते लिहिले जाते. प्रशासकाच्या काळात सही असलेला ठराव मिळतो. पण त्या सहीपर्यंत काय चर्चा झाली, कुणाचा आक्षेप होता, कुणाचा फोन आला, हे सभागृहात घडलेलेच नाही. ते अधिकाऱ्यांच्या टिपणीत असेल, ईमेलमध्ये असेल किंवा एखाद्या ग्रुपवर असेल. टिपणी फाइलला लागते. बाकीचे कुठे गेले, हे आपण विचारायला हवे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून यातली तांत्रिक बाजू सोप्या शब्दांत सांगतो. कार्यालयाच्या डोमेनवरचे ईमेल खाते कार्यालयाचे असते. अधिकारी बदलून गेला तरी खाते आणि त्यातला पत्रव्यवहार मागे राहतो, बॅकअप घेता येतो, कुणी काही पुसले तर त्याचा माग काढता येतो. जीमेलचे खाते व्यक्तीचे असते. पासवर्ड तिच्याकडे असतो आणि बदलीबरोबर तेही निघून जाते. व्हॉट्सअॅपवर तर संदेश मुख्यतः फोनमध्येच राहतो. फोन हरवला, बदलला किंवा आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू केले की नोंद संपली. साध्या खाजगी कंपनीतसुद्धा ग्राहकाची फाइल कुणी स्वतःच्या जीमेलवर पाठवली तर त्याच दिवशी जाब विचारला जातो. लाखो लोकांचे पाणी, घरे आणि कर हाताळणाऱ्या कार्यालयाला त्याहून ढिला नियम कसा चालेल?

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि असंख्य फाइली जळाल्या. ती आग सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. आज नोंद नाहीशी व्हायला आग लागत नाही, आणि ती नाहीशी झाली हे कुणाला कळतही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराने आपण सगळे हादरलो होतो. त्या प्रकरणात शाळेतले १५ दिवसांचे सीसीटीव्ही चित्रीकरण मिळत नसल्याचे तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले होते. तिथे ईमेलचा संबंध नव्हता, पण धडा तोच आहे. यंत्रावरची नोंद जपण्याची जबाबदारी ठरलेली नसेल, तर नेमकी हवी त्या दिवशी ती सापडत नाही.

आता कायदा पाहू. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम २(च) मध्ये ‘माहिती’ची व्याख्या आहे. अभिलेख, दस्तऐवज, टिपणी, अभिप्राय यांच्याबरोबर ईमेल हा शब्द त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. सार्वजनिक प्राधिकरणाने धारण केलेली किंवा त्याच्या नियंत्रणाखाली असलेली माहिती मिळवण्याचा आपल्याला हक्क आहे. ती कोणत्या खात्यात आहे, याचा उल्लेख कायद्यात कुठेही नाही. मुख्याधिकारी किंवा आयुक्त पदाच्या अधिकाराने जो आदेश देतो, तो पदाचा आदेश असतो. तो त्याने स्वतःच्या फोनवरून दिला म्हणून घरगुती होत नाही. कारकुनाने सरकारी फाइल पिशवीत घालून घरी नेली, तर ती त्याची होते का? इथेही तेच आहे.

नोंद नष्ट करणे हाही गुन्हा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘फाइल सापडत नाही’ एवढे सांगून माहिती नाकारता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. आणि हेच माध्यम सरकारला आणि बँकांना आपल्याविरुद्ध चालते, हेही लक्षात घ्या. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असे मानले, कारण समोरच्याने ती उघडून पाहिल्याचे दिसत होते. नागरिकाच्या फोनवरचा संदेश पुरावा ठरत असेल, तर अधिकाऱ्याच्या फोनवरचा आदेश नोंद का ठरू नये?

खरी अडचण आता ‘वैयक्तिक’ या शब्दाची होणार आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी एक तोल होता. वैयक्तिक माहिती नाकारता येत असे, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तरच, आणि व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा तोल काढून टाकला आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती दुरुस्ती लागू झाली. आता त्या पोटकलमात फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले आहे. उद्या एखादा जन माहिती अधिकारी लिहील की हा पत्रव्यवहार वैयक्तिक खात्यावर आहे, म्हणून माहिती वैयक्तिक आहे. हा शब्दांचा खेळ आपण ओळखला पाहिजे. खाते वैयक्तिक असणे वेगळे आणि माहिती वैयक्तिक असणे वेगळे. साहेबांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आपल्याला नकोत, त्यांच्या आजारपणाचे कागदही नकोत. आपल्याला हवा आहे तो वालधुनीत रसायन सोडणाऱ्यांवर कारवाई का थांबली, याचा पत्रव्यवहार. कलम ८(२) आजही जागेवर आहे. जपलेल्या हितापेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे ते सांगते. अपिलात हे कलम नावानिशी लिहायला विसरू नका.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री असताना स्वतःच्या घरच्या सर्व्हरवरून सरकारी ईमेल पाठवत, हे २०१५ मध्ये बाहेर आले आणि त्यावर तिथली निवडणूक ढवळून निघाली. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन होजे शहराच्या खटल्यात सांगितले की सार्वजनिक कामाचा संदेश खाजगी खात्यावर असला तरी तो नागरिकांना मागता येतो. अमेरिकेच्या २०१४ च्या कायदा दुरुस्तीनुसार केंद्रीय कर्मचाऱ्याने खाजगी खात्यावर सरकारी काम केलेच, तर त्याची प्रत २० दिवसांच्या आत कार्यालयीन खात्यावर पाठवावी लागते. उपाय इतका साधा आहे.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली, तशा दिवशी कुणी ईमेलचा मसुदा लिहीत बसत नाही. पाणी कुठे चढले, बोट कुठे हवी, हे फोनवरच कळवायचे असते. शिवाय खालच्या कर्मचाऱ्याला कित्येकदा कार्यालयाचे ईमेल खातेच मिळालेले नसते. त्यामुळे आपली मागणी फोन बंद करा अशी नाही. काम फोनवर झाले तरी त्याची नोंद ठरलेल्या मुदतीत फाइलला लागली पाहिजे, एवढेच आपण मागतो.

आपण काय करू शकतो? मोहल्ल्यातल्या प्रत्येक प्रश्नाला एक कागद असतो. कब्रस्तानासाठी विकास आराखड्यातले आरक्षण, पूररेषेजवळच्या बांधकामाची परवानगी, उर्दू शाळेच्या दुरुस्तीचा खर्च, गटाराचे काम. अर्ज करताना विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राच्या नियमात तशी मर्यादा आहे. शुल्क दहा रुपये. अर्जात एक वाक्य जरूर टाका: ‘या विषयावरील सर्व पत्रव्यवहार, मग तो कार्यालयीन ईमेलवर असो, अधिकाऱ्याच्या खाजगी ईमेलवर असो किंवा संदेशवहनाच्या अॅपवर असो, त्याच्या प्रती द्याव्यात.’ विषयाचे नाव आणि तारखा नेमक्या लिहा. ‘सर्व माहिती द्या’ असा मोघम अर्ज फेटाळणे सोपे असते. पाण्याचा प्रश्न असेल तर पाहून घ्या, कारण अंबरनाथ-बदलापूरचा पुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

अर्ज लवकर करण्याचा आणखी एक फायदा आहे. मागितलेली माहिती नष्ट केली, तर कलम २० प्रमाणे अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, २५ हजार रुपयांपर्यंत. म्हणजे तुमचा अर्ज त्या नोंदीला लावलेले कुलूप आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगाकडे हजारो प्रकरणे साचलेली आहेत, त्यामुळे दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो, हे मनाशी धरूनच चाला. म्हणूनच आधी फाइल बघायला जा. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांनी नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा २०१८ चा शासन निर्णय आहे. दोघे-तिघे मिळून जा, वही घेऊन जा.

जो हिशेब आपण पालिकेकडे मागतो, तो आपल्या घरातही लागू करावा लागेल. वक्फ मालमत्तांची माहिती उमीद पोर्टलवर भरायची धावपळ २०२५ मध्ये आपण पाहिली. मस्जिद, मदरसा, कब्रस्तान यांचे कागद कार्यालयात असतात की एकाच विश्वस्ताच्या कपाटात आणि फोनमध्ये, हे प्रत्येक जमातीने स्वतःला विचारावे. सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनमधली सर्वांत मोठी आयत आहे आणि तिचा विषय आहे व्यवहार लिहून ठेवणे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, ही तिची शिकवण आहे. पद ही अमानत असेल, तर त्या पदावरून लिहिलेला प्रत्येक संदेशही अमानतच आहे.

तिन्ही शहरांत आता लोकनियुक्त सभागृहे आली आहेत. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटा आणि तीन गोष्टींचा ठराव मागा. प्रत्येक विभागाला कार्यालयीन ईमेल खाते द्यावे आणि ते संकेतस्थळावर जाहीर करावे. फोनवर किंवा खाजगी खात्यावर झालेल्या कामाची नोंद २० दिवसांत फाइलला लावावी. बदली होणाऱ्या अधिकाऱ्याने चार्ज देताना अशा नोंदीही सोपवाव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठे बजेटही लागत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हे यावे म्हणून या आठवड्यातच पत्र द्या, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.