वळचणीची कपबशी

'घरकुल' हा शब्द मराठीत फार फिरला आहे. पोरींनी अंगणातल्या ओल्या मातीत मांडलेले ते घरकुल. अनंत काणेकरांनी १९४१ साली इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'चे रूपांतर केले, त्याचेही नाव 'घरकुल'. आणि आज पुलगावच्या आसपास हा शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्याला ग्रामपंचायतीची यादी आणि अडलेला हप्ता आठवतो. आम्ही दोघी सहकारी गेल्या दोन वर्षांच्या सुट्ट्यांत एक चौथेच घरकुल बांधत आहोत. आमच्यापैकी एकीच्या आजोळचे, वर्धा नदीकाठच्या खेड्यातले, आता पाडून टाकलेले घर. फुटाला एक इंच या मापाने.

हे माप विलायती बाहुलीघरांचे. लट्यन्सने राणी मेरीसाठी १९२४ साली पूर्ण केलेले घर याच मापाचे आहे, आणि त्याच्या ग्रंथालयात हार्डी, किपलिंग यांच्यासारख्या लेखकांनी दिलेली चिमुकली पुस्तके आहेत. आपली भातुकली निराळी. पुण्याच्या विलास करंदीकरांनी जमवलेल्या भातुकलीसारखी भांडी मुलीच्या हाताच्या मापाची असतात, बाहुलीच्या नव्हे. भातुकली खेळायची, बाहुलीघर पाहायचे. हा भेद आम्हांला पुढे महागात पडला.

बांधकामाबद्दल थोडे सांगायला हवे. काळ्या मातीच्या भिंती वाळताना तडकल्या, म्हणून जुन्या पडक्या घराची पांढरी माती आणली. छपरासाठी पेन्सिलीवर माती गुंडाळून, उभी कापून, साडेचारशे कवेलू केले. कुंभारदादांनी ते आपल्या आव्यात भाजून दिले आणि पैसे घेतले नाहीत. छपरीत बंगई टांगली, भिंतीत देवळी कोरली. माप घ्यायचे तर आधी वस्तूचे नाव नेमके ठाऊक असावे लागते, हे आम्हां मराठीच्या प्राध्यापिकांना चाळिशी उलटल्यावर कळले! 'उतरंड' हा शब्द आम्ही वर्गात शेकडो वेळा उच्चारला असेल, बहुधा 'जातींची उतरंड' असाच. मडकी घडवताना प्रथमच लक्षात आले की, वरच्याचे बूड खालच्याच्या तोंडावर नीट बसले पाहिजे, आणि सर्वांत खालच्या मडक्यातले काही काढायचे तर वरची सारी उतरवावी लागतात.

घर पुरे झाल्यावर ऐंशी ओलांडलेल्या मामींना दाखवले. त्यांनी चष्मा सावरून चूल, जाते, शिंके सारे न्याहाळले आणि विचारले, "सारं केलं, पन वळचणीची कपबशी कुठी हाये?"

आम्ही गप्प झालो. छपरीबाहेर, वळचणीला खोचलेली ती कपबशी महारवाड्यातून कामाला येणाऱ्या माणसाची. त्याने ती काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळून पुन्हा खोचायची. आम्ही ती मुद्दाम गाळली नव्हती. आठवलीच नव्हती, आणि हे अधिक वाईट.

आमचे म्हणणे असे की, हा दोष केवळ आमचा नाही. लहान करण्याच्या कलेतच तो दडलेला आहे. वस्तू लहान झाली की गोजिरी होते, आणि गोजिऱ्या वस्तूला कोणी जाब विचारत नाही. आपल्या ललित लेखनातील कितीतरी 'आजोळे' अशीच फुटाला इंचाने बांधलेली आहेत. एका स्नेह्यांनी सुचवले, बापूकुटीच का केली नाही? खरे आहे, तिथे आम्हांला गाळण्यासारखे काही सापडले नसते.

मग पाव इंचाचा कप आणि अर्ध्या इंचाची बशी करून वळचणीला खोचली. झाले काय, तर पाहणारे म्हणू लागले, "अगबाई, किती गोड!" कॅथरिन मॅन्सफील्डची १९२२ सालची 'द डॉल्स हाउस' ही कथा अनेकांनी वाचली असेल. धुणेवालीच्या मुलींना ते घर पाहण्याची बंदी असते. केझिया चोरून दाखवते, तोच आत्या त्यांना हाकलते. त्या घरातला छोटासा दिवा मात्र धाकटीने पाहून घेतलेला असतो. ती कथा शिकवताना आमचे सारे लक्ष दिव्यावर असे. आता वाटते, घर कोणी बांधले याहून ते कोणाला पाहू दिले, हाच तिथला प्रश्न आहे. म्हणून घर दिवाणखान्यातून उचलून वर्गात नेले.

काहींना हे रुचले नाही. छंदात असले कशाला, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ऐकवले. असो.

वर्गात मुले घराभोवती जमली. मुली चुलीपाशी रेंगाळल्या. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी शेवटी आला, खाली वाकला, वळचणीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, आमचे आजोबा सांगत, त्यांच्या कपाला कान नव्हता. फुटकाच देत."

त्या संध्याकाळी आम्ही कानस घेऊन कपाचा कान काढून टाकला.