कायदा आहे, दवाखाना कुठे?

भिवंडीच्या कडेला वाढलेले शेलार हे यंत्रमागांचे गाव. तेथील एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीने, शरीर आणि मन यांची फारकत मिटविणारे उपचार घ्यावयाचे ठरविले, तर तिने जावे कोठे? २०२५ उजाडेपर्यंत या प्रश्नाला जवळचे असे एक उत्तर होते : कल्याण. अमेरिकी सरकारच्या मदतीवर चालणारे ‘मित्र’ नावाचे दवाखाने देशात तीन होते. पहिला जानेवारी २०२१ मध्ये हैदराबादला निघाला. उरलेले दोन पुण्यास व कल्याणला होते. रक्ततपासणी, समुपदेशन, संप्रेरकांविषयी सल्ला आणि एचआयव्हीवरील उपचार ही सारी सोय तेथे एका छताखाली होती; आणि तेथे येणाऱ्याकडे कोणी टक लावून पाहत नसे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या राजवटीने परदेशी मदत गोठविली आणि तिन्ही दवाखान्यांना कुलपे लागली. हैदराबादचा दवाखाना पुढे टाटा न्यासाच्या मदतीने नव्या नावाने उभा राहिला. परंतु जी जबाबदारी कायद्याने आपल्या सरकारवर टाकली आहे, ती वॉशिंग्टनच्या मर्जीवर अवलंबून का असावी, हा मूळ प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

ही जबाबदारी मोघम नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांना इस्पितळांतून योग्य वैद्यकीय सेवा देण्याचा आदेश सरकारांना दिला. २०१९ च्या कायद्याचे पंधरावे कलम तर नेमके बोलते : शस्त्रक्रिया, संप्रेरक-उपचार, त्यांच्या आधीचे व नंतरचे समुपदेशन, वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार आणि खर्चासाठी विमा. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारत योजनेखाली दरसाल पाच लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाची घोषणाही केली. म्हणजे कायदा आहे आणि योजनाही आहे. नाही तो दवाखाना, आणि त्यात बसणारा जाणकार डॉक्टर.

महाराष्ट्राने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस या सरकारी रुग्णालयातच त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी तीस खाटांचा स्वतंत्र कक्ष उघडला. ही पावले स्वागतार्ह होत. परंतु दोन्ही रुग्णालये दक्षिण मुंबईत, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. यंत्रमागावरच्या कामगाराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर. ज्या दिवशी माग बंद, त्या दिवशी कमाई शून्य. शेलारहून बोरीबंदरला जाऊन केसपेपर काढणे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि वर प्रवासभाडे. संप्रेरक-उपचार हा एका दिवसाचा नव्हे, वर्षानुवर्षांचा. अर्थशास्त्राचा साधा नियम असा, की जो उपचार फुकट असूनही दूर असतो, तो गरिबाला महागच पडतो.

मग गरीब माणूस काय करतो? तो उपचार सोडत नाही. स्वस्त आणि घातक मार्ग धरतो. ओळखीपाळखीतून मिळालेल्या गोळ्या अंदाजाने घेतल्या जातात, वैदूकडून शस्त्रक्रिया करून घेतल्या जातात. इस्ट्रोजेनची मात्रा बेसुमार झाली, तर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो; टेस्टोस्टेरॉनने रक्त प्रमाणाबाहेर दाट होऊ शकते. वेळोवेळी रक्त तपासणे हाच यावरचा उपाय. जो खर्च तपासणीवर वाचविला जातो, तोच पुढे अतिदक्षता विभागात अनेक पटींनी भरावा लागतो. आणि तो भरतो सरकारी खजिनाच.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. इतिहास उलट सांगतो : या समाजाला आपल्या लोकजीवनात पूर्वापार स्थान होते, त्यांची नावे पोलिसांच्या दप्तरात गुन्हेगारांसारखी नोंदविण्याची प्रथा पाडली ती १८७१ च्या इंग्रजी कायद्याने. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. जेथे क्षयरोग्याला खाट मिळत नाही, तेथे मूठभरांसाठी खर्च का? २०११ च्या जनगणनेत स्त्री वा पुरुष याऐवजी ‘इतर’ अशी नोंद महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची झाली. लाजेपोटी किंवा भीतीपोटी न झालेल्या नोंदी किती तरी असतील. तथापि ही संख्या दुप्पट धरली, तरी राज्याच्या लोकसंख्येत ती एक हजारात एकही भरत नाही. शिवाय त्यांतील प्रत्येकाला उपचार हवे असतात असेही नाही. तेव्हा क्षयरोग्याची खाट हिरावली जाईल ही भीती निराधार आहे. उलट, ज्याला इस्पितळाच्या दारात हेटाळणी मिळते, तो आपल्या क्षयासाठीही तेथे पाऊल टाकत नाही, आणि रोग वस्तीत पसरत राहतो.

याकरिता नवी इमारत नको. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. आठवड्यातून एक दिवस बाह्यरुग्ण विभाग, त्यात संप्रेरकांचे प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, एक समुपदेशक, रक्ततपासणीची हमी आणि शस्त्रक्रियेची गरज असणाऱ्यांना मुंबईस रीतसर पाठविण्याची व्यवस्था, एवढेच तूर्त पुरेसे आहे. केसपेपरावर नाव विचारणाऱ्या कारकुनाने ते हसू न दाबता लिहून घ्यावे, याला तर एक पैसाही लागत नाही.

परक्यांच्या दयेवर उभा राहिलेला दवाखाना परक्यांच्या लहरीने बंद पडला, यात नवल नाही. नवल आहे ते याचे, की आपल्या कायद्यातील एक अख्खे कलम तो दवाखाना आपल्या वतीने पाळत होता, हे तो बंद पडेपर्यंत कोणाच्या ध्यानीही आले नाही. आता ते ध्यानात आले आहे. यापुढेही शेलारचा माणूस वैदूकडेच गेला, तर त्याचा दोष अमेरिकेला देता येणार नाही.