आजोबांचा दाखला आणि नातवाचे नागरिकत्व

सीमाभागाचे आणि गोव्याचे नाते जुने आहे. बेळगाव, खानापूर, चंदगडच्या कितीतरी घरांच्या सोयरिकी गोव्यात आहेत. त्यामुळे गोव्यात घराघरांत चालणारी एक चर्चा आता हिंडलगा, उचगाव, सुळगा या पट्ट्यातही ऐकू येते. 'आजी गोव्यात जन्मलेली. मग आपल्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळेल काय?' असे तरुण मुले विचारतात. प्रश्न पोटापाण्याचा असल्याने त्याची टिंगल करून भागणार नाही. पण त्यातले काय खरे, काय अर्धवट आणि त्याची किंमत कोणती, हे समजून घेतले पाहिजे.

आधी इतिहास पाहू. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारत सरकारने मार्च १९६२ मध्ये आदेश काढून, ज्यांचा स्वतःचा किंवा ज्यांच्या आई-वडील, आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीवमध्ये झाला, त्यांना भारताचे नागरिक मानले. जुने नागरिकत्व राखायचे असेल त्याने महिन्याच्या आत तसे लेखी कळवायचे होते. म्हणजे भारतानेही इथे आजोबांच्या जन्माचाच आधार घेतला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पोर्तुगालने मात्र गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस, तेथील हुकूमशाही कोसळल्यावर. पुढे १९७५ च्या कायद्याने आफ्रिकेतील वसाहतींमधल्या बहुतेक लोकांचे पोर्तुगीज नागरिकत्व गेले. पूर्वीच्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांना मात्र इच्छा कळवून ते राखण्याची वाट ठेवण्यात आली. ही वाट वंशाने पुढे जाते. आधी १९६१ पूर्वी जन्मलेल्याची जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवायची, त्याचा विवाह नोंदवायचा, मग मुलाची नोंद, मग नातवाची. साखळीतली एक कडी निसटली की पुढचे सारे अडते.

या वाटेने हजारो गोवेकर युरोपात गेले. पोर्तुगालमध्ये राहणारे त्यांतले थोडेच. इंग्लंडमधील स्विंडनसारख्या गावांत गोवेकरांची वस्ती झाली, कारण पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपीय संघात कुठेही काम करता येत असे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडले आणि २०२० संपताच नव्याने जाणाऱ्यांसाठी तो सरळ रस्ता बंद झाला. आजही पंचवीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी सांगून पैसे मागणारे दलाल भेटतात. त्यांच्यापासून सावध राहावे.

आता भाषेचा मुद्दा. गोव्यातील जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. ज्या घरात मराठी पोथी वाचली जाई आणि कोकणी बोलली जाई, त्या घरातल्या बाळाचे नाव कारकुनाने आपल्या कानाला आणि आपल्या लिपीला मानवेल तसे लिहिले. शेणवींचे 'सिनाय' झाले, प्रभूंचे 'पोरोबो'. मुक्तीनंतर शाळेच्या दाखल्यावर तेच नाव मराठी वळणाने आले, पुढे रेशनकार्डावर इंग्रजीत तिसऱ्याच रूपात. घरच्यांना ठाऊक असते की तिन्ही माणसे एकच. परक्या देशाच्या कचेरीला ते ठाऊक नसते. मग प्रतिज्ञापत्रे, दुरुस्त्या, भाषांतरे सुरू होतात. ज्या भाषेत सरकार नोंद ठेवते, त्या भाषेच्या साच्यात माणसाला बसावे लागते, हा धडा सीमावासीयांना वेगळा शिकवायला नको.

वंशाचा हक्क कायद्यात असला तरी दारात अडवणूक होऊ शकते, याचे उदाहरण मराठीतच आहे. कोकणातील बेने इस्रायल ही मराठी बोलणारी मंडळी इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याखाली तिकडे गेली. नागरिकत्व मिळाले, पण विवाहाच्या वेळी धर्मपीठ त्यांच्या आई-आजीच्या कुळाची चौकशी करू लागले. त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेला, हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, असे जाहीर करावे लागले. नागरिकत्वाचा कागद मिळाला म्हणजे मान मिळालाच, असे होत नाही.

आता किंमत काय, ते पाहू. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. परदेशी पासपोर्ट घेणे हा नियमांनुसार त्याचा निर्णायक पुरावा. लिस्बनमध्ये नुसती नोंद झाली, पासपोर्ट घेतला नाही तर काय, यावर गोव्यात पुष्कळ वाद झाले. अशा वादाचा निवाडा केंद्र सरकार करते. भारतीय नागरिकत्व गेले की मतदार यादीतले नाव जाते, निवडणूक लढवता येत नाही. नंतर 'ओसीआय' कार्ड मिळाले तरी त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्याच्या घरी दोन एकर भातशेती आहे त्याने याचा विचार आधी करावा.

मग सीमाभागातील आपल्या प्रश्नाशी याचा संबंध काय? काही जण म्हणतात, गोवेकराला आजोबांच्या दाखल्यावर देश बदलता येतो, तर आपल्याला राज्य का नाही? ही तुलना फसवी आहे. भारतात नागरिकत्व एकच, राज्याचे वेगळे नागरिकत्व नाही. अधिवासही साऱ्या देशाचा एकच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये डॉ. प्रदीप जैन खटल्यात सांगितले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा कोणाचे नागरिकत्व बदलले नाही. बदलली ती कचेरीची भाषा. महाराष्ट्राची मागणीही कोणाच्या कुळावर उभी नाही. ती ८६५ गावांच्या भाषेवर, भौगोलिक सलगतेवर आणि लोकेच्छेवर उभी आहे, आणि २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी दरवर्षी १ जूनला लोक जमतात ते १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गेलेल्यांसाठी. त्यांची मागणी आपल्याच गावात आपल्या भाषेत कारभार व्हावा, एवढीच होती.

तरीही कागदाच्या बाबतीत गोवेकराची आणि आपली अडचण सारखी आहे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, वडिलांचा जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, मुलाचे आधारकार्ड इंग्रजीत आणि तिन्हींवर आडनाव तीन तऱ्हांनी. या ८६५ गावांतील रहिवाशांना महाराष्ट्रातील नोकरीसाठी रहिवासाची जी सवलत आहे, ती मागतानाही हाच घोटाळा आडवा येतो. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांवर असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व केंद्राने १९५६ मध्येच मांडले. ते पाळले गेले असते तर निम्मे गोंधळ झालेच नसते. ती मागणी सोडू नये. पण ती मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवूनही बसू नये.

१ ऑक्टोबर २०२३ पासून नवा नियम लागू आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्या बाळासाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, पासपोर्ट यांकरिता जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा आहे. तेव्हा बाळाचे नाव नोंदवताना कन्नड आणि इंग्रजी दोन्ही रूपे आई-वडिलांनी स्वतः तपासावीत. चूक दिसली तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती मागता येते. ती लगेच मागावी, मुलगा नोकरीला लागताना नव्हे. घरातले जुने मराठी दाखले, मोडीतले कागद वाळवीच्या हवाली करू नयेत. त्यांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात.

ज्याला लिस्बनच्या वाटेने जायचे आहे त्याने खुशाल जावे. पण भारतीय नागरिकत्व सोडून आपण जात आहोत, हे समजून जावे. जे इथेच राहणार आहेत त्यांनी आपल्या नातवंडांना स्वच्छ नावाचा, एकसारखा कागद द्यावा. उद्या हक्क कुठेही मागायचा असो, बेळगावात, मुंबईत की दिल्लीत, पहिला प्रश्न कागदाचाच विचारला जाणार आहे.